हमीद गुरुजींची खुर्ची

मी एकदा एका उमेदवाराला ओवाळलं. हसू नका. पाट नव्हता म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, कुंकू लावलं, वर शिऱ्याचा घासही भरवला. तेव्हा मी नुकती निवृत्त झालेली, अठ्ठावन्न वर्षांची पोरगी. अक्कल अजून यायची होती. खुर्ची मात्र माझी नव्हती, हमीद गुरुजींची होती.

नेरच्या वाटेवरच्या आमच्या गावात, जिल्हा परिषदेच्या एकाच शाळेत आम्ही दोघांनी मास्तरकी केली. गुरुजी माझ्याहून वयानं मोठे. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर आम्हा पेन्शनवाल्यांची बैठक भरायची. निवडणूक आली की उमेदवार तिथं हजेरी लावून जायचे, आणि गुरुजी घरून खुर्ची डोक्यावर घेऊन यायचे. ती उमेदवारापुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "बसा साहेब." आम्हाला हळूच सांगायचे, "उभा पुढारी आश्वासन देते, बसला तर उत्तर देते."

तो बसला की पहिला प्रश्न ठरलेला. "पेन्शन किती वाढवता ते राहू द्या. आहे तेच दर महिन्याले उशिरा काहून येते, कोणाच्या टेबलावर अडकून राह्यते, तेवढं सांगा." बहुतेकांना तेवढ्यात पुढची सभा आठवायची. एखादा घाम पुसून म्हणायचा, "माहीत नाही, विचारून सांगतो." त्याला गुरुजी चहा पाजायचे. "ज्याले 'माहीत नाही' म्हणता येते, त्याले शिकवता येते. जिंदगीभर पोरं हाकली आपण, बाई, एवढं वळखू येत नाही का?"

मला येत नव्हतं.

गुरुजींच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला एसटीनं यवतमाळला जायचे. सकाळी माणूस जायचा, संध्याकाळी पिळून काढलेलं फडकं परत यायचं. त्या निवडणुकीत एक उमेदवार म्हणत होता, गावच्याच दवाखान्यात डायलिसिसचं मशीन आणतो. गुरुजींनी त्याच्यासाठी खास प्रश्न राखून ठेवला होता: मशीन येईल, पण चालवणारा माणूस कुठून आणणार?

उमेदवार आला, आणि खुर्चीकडे न जाता थेट माझ्या पायाशी वाकला. "आई, डोक्यावर हात ठेवा."

आमचे हे त्याच वर्षी गेले होते. मुलगा पुण्याला; रविवारी फोन करायचा आणि "आई, ठेवतो गं" म्हणण्याची घाई असायची. घरात भांडं पडलं तरी बरं वाटायचं, कोणी आहेसं. अशात त्या धटिंगणाचं गरम डोकं माझ्या हाताखाली आलं आणि बाई विरघळल्या! समोरच तर घर. धावत जाऊन ताट आणलं, त्याला खुर्चीवर बसवलं, ओवाळलं.

गुरुजी पुढे सरकले. "साहेब, ते मशीन..."

"गुरुजी!" मी वर्गात ओरडावं तशी ओरडले. "ओवाळलेल्या माणसाला प्रश्न विचारत नसतात."

ओटा हसला. गुरुजीही हसले आणि मागे सरकले. दुसऱ्या दिवसापासून मी घरोघर सांगत फिरले, आपलाच मुलगा आहे हो!

तो निवडून आला. मशीनही आलं, फीत कापली गेली. चालवणारा तेवढा आला नाही. दवाखान्याच्या काचेतून प्लास्टिकखाली झाकलेलं मशीन दिसायचं. गुरुजी त्याच्यासमोरून एसटीच्या थांब्यावर जायचे. कधी मी सोबत असले की काचेपाशी थांबून म्हणायचे, "सलाम, मशीनसाहेब. तुमीबी रिटायर झाले का?"

मला हसू यायचं नाही.

गेल्या वर्षी गुरुजी गेले. त्यांच्या पत्नीनं, आमच्या भाभींनी, खुर्ची माझ्याकडे पाठवून दिली. ओट्यावरचे बाकीचे कोणी पोरांकडे शहरात, कोणी गुरुजींच्या मागोमाग. संध्याकाळी आता मी आणि खुर्ची.

परवा नवा उमेदवार आला. वाकायला लागला तसे मी पाय मागे घेतले आणि खुर्ची पुढे केली. "बस बाळा. मशीन चालवणारा कधी आणतोस?"

"आई, पुढं सभा आहे," म्हणून तो उभ्याउभ्याच गेला. गाड्यांची धूळ खाली बसली. रिकाम्या खुर्चीसमोर मी तशीच बसून राहिले.

मग थांब्यावरची एक सकाळ आठवली. गुरुजींच्या हाताला मागल्या खेपेचा कापूस अजून चिकटलेला, एसटीचा पत्ता नाही. मी एकदाचं म्हटलं, "गुरुजी, त्या दिवशी मी तुमचं तोंड बंद केलं. चुकलं माझं." त्यांनी तो कापूस सोलून काढला. मग म्हणाले,

"त्यानं तुमाले फसवलं नाही, बाई. तुमाले आई म्हणणारं कोणी पाह्यजे होतं, तो आला. आता असं करा, आई म्हणवून घ्याचं असन तं माह्या घरी येत जा, मी म्हणत जाईन. मत देतानी मात्र पयले खुर्ची ठेवा."