लाडू-चकलीचा कॅबरे

कॅबरे हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा निघाला तेव्हा सासूबाई वाती वळत होत्या. "ते काय असतं गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "फराळाबरोबरची करमणूक." त्या "बरं" म्हणाल्या आणि पुढची वात वळायला घेतली.

खोटं काही बोलले नाही मी. तसंच होतं ते. पूर्वी आमच्या बंगळूरात कंटोन्मेंटच्या बाजूला हॉटेलांत कॅबरे चालायचे म्हणतात, आम्ही बसवनगुडीच्या बायकांनी फक्त बसच्या खिडकीतून पाट्या पाहिलेल्या. आमचा कॅबरे म्हणजे काय, तर भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी एक लग्नाचा हॉल घ्यायचा, टेबलं मांडायची, लोकांनी चिवडा-चकली खात बसायचं आणि आम्ही दोघींनी त्या टेबलांमधून फिरत गायचं, नाचायचं, एकमेकींची आणि जमलंच तर खाणाऱ्यांची खेचायची. बाजाची पेटी वाजवायला एक पेन्शनर गृहस्थ. झालं.

ही नव्वदनंतरची गोष्ट. कंप्यूटरवाली मुलं पुण्या-मुंबईहून नुकती यायला लागली होती. दिवाळीला रजा मिळाली नाही की ही पोरं बिचारी केविलवाणी व्हायची. त्यांच्यासाठी म्हणून आमच्या भागातल्या मराठी घरांनी मिळून हा स्नेहमेळा सुरू केला. मंडळ म्हणावं एवढं मोठं नव्हतंच ते. त्यात दोन तट. एक आमच्यासारखे, सीमेकडून आजोबांच्या वेळी इकडे आलेले, घरात मराठी बोलणारे पण तोंडात 'स्वल्प' आणि 'सरी' असे कन्नड शब्द बसलेले. दुसरे हे नवे, शुद्ध बोलणारे. आम्ही बोलायला लागलो की ते हसायचे. वाईट मनानं नाही, पण हसायचे. "काकू, हे मराठी आहे की कन्नड?" मीही हसायचे. काय करता!

माझी जोडीदारीण त्या नव्यांतली. आमच्याच वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलेली, पुण्याची. नवरा दिवसभर कंप्यूटरपुढे आणि ही दिवसभर खिडकीपुढे. पहिल्यांदा खाली आली ती पाणी का येत नाही म्हणून भांडायला. मी म्हटलं, "बाई गं, भांडायचं तर आधी कॉफी घे, रिकाम्या पोटी भांडण चांगलं होत नाही." ती जी बसली स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, ते स्टूल तिचंच झालं. मला अक्का म्हणायला लागली. मी तिला बाईसाहेब म्हणायची.

ती उंच, काटकुळी आणि बोलण्यात वाकडी. मी बुटकी, गोल. म्हणून स्टेजवर ती चकली, मी लाडू. मी आईचं इरकल नेसायची, ती झुळझुळीत साडी, आणि दोघींच्या गळ्यात नाताळच्या मालातली चंदेरी झालर. ती झालर खांद्यावरून मागे टाकली की हॉलमध्ये शिट्ट्या. माझ्या वयाला शिट्ट्या! आमचे हे पीण्या भागातल्या कारखान्यात लेथवर होते, त्यांचे दोस्त त्यांना म्हणायचे, "तुमच्या घरात डान्सर आहे म्हणे!" यांची मान ताठ.

आमची एक पद्धत होती. ती टाकायची, मी झेलायची. टाकलेली ओळ खाली पडता कामा नये, हा आमचा नेम. नुसता स्टेजवर नाही हं. गांधी बाजारात भाजी घेताना, कपडे वाळत घालताना, ती अचानक एक वाक्य फेकायची आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघायची. त्या बघण्याला उत्तर दिलंच पाहिजे. इतकी सवय झाली की झोपेतून उठवून टाकलं असतं तरी मी झेललं असतं.

एक नमुना सांगते. चकली म्हणायची, "अहो लाडूबाई, तुमच्या मराठीत हे 'स्वल्प' कुठून आलं?" लाडू म्हणायचा, "बसमध्ये सापडलं. इथं 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' म्हटलं की समोरचा जरा सरकून जागा देतो. तुमच्या पुण्यात काय म्हणतात?" चकली मान खाली घालून म्हणायची, "आमच्याकडे म्हणत नाहीत. पाटी लावतात." टेबलं वाजायची! मग पेटी सुरू आणि गाणं:

घर मिळालं बनशंकरीला, पाणी येईना नळाला,
नवरा गेला कंप्यूटरला, विसरून गेला मला!

आता मुद्द्याचं सांगते. हे सगळं मी लिहायची.

लिहायची म्हणजे, पोळ्या लाटताना सुचायचं, आणि हात धुऊन मी ते जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर उतरवायची. मराठीच, पण कन्नड अक्षरांत. आमच्या घरात तशीच रीत. माझी शाळा कन्नड, तीसुद्धा चौथीपर्यंत. घरी बोलणं मराठी, लिहिणं त्या लिपीत. माझे वडील बहिणीला पत्र तसंच लिहायचे, आणि आत्या तसंच उत्तर द्यायची. आम्हाला त्यात विचित्र काही वाटत नसे. पण नव्या मंडळींसमोर कुठल्या तोंडानं सांगणार, की बाबांनो, बोलते ती भाषा मला वाचता येत नाही? ते फक्त माझ्या बाईसाहेबांना ठाऊक होतं. मी माझ्या कागदावरून वाचायची, ती तिच्या कागदावर मराठी अक्षरांत उतरवून घ्यायची. माझा कागद तिला कोरा, तिचा कागद मला कोरा. तेव्हा मला त्याची गंमत वाटायची.

तिच्या हातचे ते सुंदर अक्षरातले कागद पेटीवाल्यांकडे जायचे, कार्यकर्त्यांकडे जायचे. मग सगळ्यांचा समज झाला की लिहिणारी तीच. पहिल्या वर्षी मला वाटलं, जाऊ दे. दुसऱ्या वर्षी कुणीतरी तिला शाल दिली "लेखनासाठी". त्या दिवशी घरी येऊन मी कुकर इतक्या जोरात आपटला की सासूबाई म्हणाल्या, "कुकर कुणाच्या वाटणीचा मार खातोय?"

तिसऱ्या वर्षी मी तिला सांगूनच टाकलं. "बाईसाहेब, मला शाल नको. एकदा फक्त सांग की हे हिचं आहे. एवढंच." ती लगेच म्हणाली, "अगं अक्का, काय हे! सांगणारच आहे मी. शेवटी आपण तसं बसवू या." आणि खरंच बसवलं. गाणं संपलं की ती विचारणार, "मंडळी, हे सगळं लिहिलंय कुणी?", मी इरकलीच्या पदराआड तोंड लपवणार, ती पदर ओढून म्हणणार, "या लाडूनं!" मी स्वयंपाकघरात पदर ओढून घ्यायची तालीम केली. हसू नका. बाईमाणसाला आयुष्यात किती वेळा असं काही मिळतं? आदल्या रात्री मला यांनी विचारलं, "एवढी खूष का?" मी म्हटलं, "उद्या बघा."

उद्या आला. हॉल भरलेला. पुढच्या टेबलावर एक पाहुणे होते, पुण्याहून लेकीकडे दिवाळीला आलेले, एका दिवाळी अंकाचे संपादक. पांढरा झब्बा, चष्मा दोरीला. पहिल्या गाण्यापासून ते हसत होते, चिवड्याची बशी हातात तशीच. मी त्यांच्या टेबलाजवळून जाताना ते म्हणाले, "वा वा वा." मला गुदगुल्या झाल्या. म्हटलं, थांबा हो, शेवट बघा.

शेवटचं गाणं झालं. पेटी थांबली. पण चकलीनं विचारायच्या आधी ते पाहुणेच उभे राहिले. "थांबा, थांबा. हे लिहितं कोण? हे छापलं पाहिजे."

मी पदर तोंडाशी नेला.

माझ्या बाईसाहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग छातीवर हात ठेवून, मान तिरकी करून म्हणाली, "लिहिणारी ही चकली! आणि हा लाडू? अहो, हिला मराठीचा म सुद्धा वाचता येत नाही. मी बोलते, ही पोपटासारखी पाठ करते!"

हॉलमध्ये कुजबुज, एक-दोन हसू. आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. तेच, बारीक डोळ्यांनी. टाकलं होतं तिनं.

आणि मी झेललं. पदर खाली केला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "मग काय तर! वाचता येणारा पोपट पिंजऱ्यात राहील होय?"

अख्खा हॉल कोसळला. पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा तो. टाळ्या थांबेनात. मला मात्र कळलं की आता काही म्हणायची सोयच राहिली नाही. सगळ्यांना वाटलं, हे बसवलेलंच आहे.

यांनाही तसंच वाटलं. हे मागच्या टेबलावर होते, मी पाहिलं, हेसुद्धा हसत होते. घरी जाताना रिक्षात मी विचारलं, "तुम्हीसुद्धा हसलात?" हे गोंधळले. "तू इतकं झक्कास बोललीस, मला वाटलं तुमचं ठरलेलंच आहे." यांचा काय दोष म्हणा.

पण त्याआधी, हॉलच्या मागच्या भटारखान्यात, मोठ्या पातेल्यांच्या आड मी तिला गाठलं. ती गळ्यातली झालर सोडवत होती.

"हे काय केलंस?"

"अगं, काय हशा आला बघितलास ना? आणि तू काय झेललंस अक्का! मानलं."

"माझं नाव सांगणार होतीस."

"वेळच तशी आली गं. ते एवढे मोठे संपादक. त्यांना काय सांगायचं, लाडूचं आहे पण लिहितं कोण, उतरवतं कोण? सगळा घोळ. पुढच्या वेळी सांगू."

"माझं गुपित होतं ते. तुला एकटीला सांगितलेलं."

ती झालर गुंडाळत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि खरं सांग, त्यांनी छापायला मागितलं असतं तर काय दिलं असतंस? ते कन्नडमधलं कॅलेंडर?"

तिनं हे रागानं नाही म्हटलं. समजावल्यासारखं म्हटलं. ते जास्त लागलं. माझं म्हणून जे होतं ते सगळं तिनं घेतलं होतं, आणि जे माझं कमी होतं, तेवढं फक्त माझ्या नावावर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

पुढच्या आठवड्यापासून नवी मंडळी माझ्याशी हळू आणि मोठ्यानं बोलायला लागली, बहिऱ्याशी बोलावं तशी. एक मुलगी प्रेमानं म्हणाली, "काकू, मी शिकवू तुम्हाला अ आ ई?" मी म्हटलं, "नको गं, पोपट म्हातारा झाला." बघा, तेही झेललंच.

आमच्या धाकटीला शाळेत हिंदी होतं. तिचं पहिल्या वर्षाचं पुस्तक माळ्यावर पडलं होतं, ते मी काढलं. दुपारी सासूबाई झोपल्या की घेऊन बसायची. हिंदीची अक्षरं मराठीचीच, आणि क ख ग चा क्रम कन्नडसारखाच की हो, फक्त वळण वेगळं आणि डोक्यावर रेघ. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून चुकायलाही कुणी बघत नव्हतं. किराणा बांधून आलेले मराठी कागद वाचायची. घरात कुणाला सांगितलं नाही. वर तर नाहीच नाही. ती खाली येतच राहिली, स्टुलावर बसतच राहिली. मीही कॉफी देतच राहिले. शेजार तोडून कुठं जाणार? फक्त मला काही सुचेनासं झालं होतं, असं मी तिला सांगायची. संक्रांतीला तिनं एकटीनं काहीतरी केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे, भुकेल्या पोटी वाजवतात तशा.

पुन्हा दिवाळी आली. मी चकल्या तळत होते. ती जिना उतरून धावत आली, हातात जाडजूड अंक. "अक्का! छापून आलं! थांब, तुला वाचून दाखवते."

स्टुलावर बसून तिनं पान उघडलं. मी झारा हातात घेऊन तिच्या खांद्यावरून पाहिलं. वर मोठ्या अक्षरात लाडू आणि चकली. त्याखाली तिचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, आडनाव. माझं ते तिच्या आधी वाचून झालं. खालच्या ओळी वाचल्या. बस, पाटी, बनशंकरीचा नळ. सगळं आमच्या पोळपाटावरचं. पानाच्या शेवटी पोपट होता. पिंजऱ्यासकट. तो तर बसवलेलाही नव्हता, तो माझ्या तोंडून त्या क्षणी निघाला होता, आणि तोही तिच्या नावाखाली बसला होता.

ती मात्र मोठ्यानं, रंगवून वाचत होती. पोपटाच्या जागी आली तशी थांबली. अंक मांडीवर ठेवला, मान तिरकी केली, आणि अगदी स्टेजवरच्या आवाजात म्हणाली, "आणि हा लाडू? अहो, हिला मराठीचा म सुद्धा वाचता येत नाही!"

आणि डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

ओठांपर्यंत आलं होतं. सवय काय सुटते होय? मी कढईकडे वळले. तेलातल्या चकल्यांभोवतीचे बुडबुडे शांत होत आले होते, म्हणजे आता काढायला हव्यात.

"अक्का?" ती म्हणाली. "अगं, टाकलंय मी."

"सरक जरा," मी म्हटलं, "तेल उडेल अंगावर."