पाहुण्यांसमोरची हकिकत

त्या मुलीला पाहुण्यांपुढे उभं करण्याची चूक माझीच. बाप गेल्यापासून मुकी झालेली ती पोर, किन्हवलीतल्या मुलांसाठीच्या आमच्या संस्थेत चित्रं काढता काढता बोलू लागली होती. मुंबईहून देणगीदार आले, तेव्हा मी तिला बापाच्या मरणाची हकिकत सांगायला लावली. पाहुण्यांनी डोळे पुसले आणि टाळ्या वाजवल्या. कसल्या टाळ्या! पोर पुन्हा गप्प झाली. "कार्यक्रम छान झाला," असं आमचे साहेब म्हणाले आणि मीही मान डोलावली, याचा संताप आजही येतो.

मी तिच्या घरी गेलो, तेव्हा आई दारातच कडाडली, "पावन्यांना रडवाया माझीच पोर गावली काय, सर?"

मी ओट्यावर पोरीसमोर बसलो. "बाय, तुझ्या बाबाची आठवण तुझी होती. ती मी लोकांना दाखवली. माझं चुकलं."