पुराच्या रेषेवर दोन हात

पुट्टी भिजवली की अजून दासगावच्या त्या घराचा कुबट वास येतो. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पुराची रेषा होती. मी प्लॅस्टर खरवडायचा खर्च धरून कोटेशन दिलं, तर मालक हसला, "खरवडताय कशाला? घर इकायचं हाय. रेषा तेवढी झाका." काम हातचं जाईल म्हणून मी खरवडणं गाळलं आणि वरूनच रंगाचे दोन हात मारले. मुंबईहून घर बघायला आलेल्या बाईंनी मला विचारलं, "इथं पाणी भरतं का हो?" मी "नाय" म्हटलं. त्यांनी घर घेतलं. पावसाळ्यात पोपडे सुटले, तेव्हा त्यांनी विश्वासानं मलाच बोलावलं. मी टेप काढला, तीच भिंत मापली आणि या वेळी खरवडायचे पैसे लावले. आठवलं की आजही तोंडात थुंकी जमते, आणि कुणाच्या तोंडावर थुंकायचं ते मला पक्कं ठाऊक असतं.