धरणातली भरती

माझ्या आत्याचा नवरा, म्हणजे आमचे मामा, कोकणातल्या एका बंदरात ट्रॉलरवर तांडेल होते. तांडेल म्हणजे बोटीचा सर्वेसर्वा, आणि हे तर चांगलेच बदनाम. बंदीच्या दिवसांत मासे धरायचे, गस्तीची बोट दिसली की दिवे मालवून पसार व्हायचं, दुसऱ्याच्या जाळ्यावरून बोट घालायची आणि वर त्यालाच शिव्या द्यायच्या. आत्या तिथल्या दवाखान्यात नर्स होती. तळहातात रुतलेला गळ काढून घ्यायला हे गेले आणि तिलाच घेऊन आले.

वय झाल्यावर दोघं आमच्याकडं मोडनिंबला राहायला आली. समुद्र सुटला, तोरा काही सुटेना. म्हैस पाण्यावर नेतानाही मामा आधी वारा बघायचे. खंत एकच होती. त्यांच्या ट्रॉलरवर बायकांना नेत नसत, त्यामुळं आत्या त्यांच्या बोटीत कधी बसलीच नव्हती. "एकदा तरी हिनं मला सुकाणूवर बघायला पाहिजे," असं ते सारखं म्हणायचे.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघं उजनी धरणावर गेलो. एका ओळखीच्या मच्छीमाराची इंजिनाची होडी मागून घेतली. तो म्हणाला, "पाणी लई उतरलंय, काठाकाठानं नेऊ नका." तांडेलाला असलं सांगायचं असतं का? मामांनी काठाकाठानंच ऐटीत नेली आणि गाळात रुतवली.

आत्या ठेवणीतली साडी सावरत बसली होती. मामा जराही डगमगले नाहीत. इंजिन बंद करून त्यांनी बिडी पेटवली. समुद्रात रुतलेली प्रत्येक बोट त्यांनी अशीच सोडवली होती.

"घाबरू नका," ते म्हणाले. "भरती आली की आपोआप सुटेल."

धरणात भरती! मी तोंड उघडणार तोच आत्यानं माझ्या मांडीला करकचून चिमटा काढला. मामा पाण्याचा अंदाज घ्यायला टोकाला गेले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "हितं भरती येत न्हाय, ठाव हाय की मला. बंदरावर ह्यांची वाट बघण्यात जन्म गेला माझा. आज माझ्याजवळ बसून वाट बघत्यात, तर बघू दे की."

मी सरकून मामांसाठी जागा केली.

मामा येऊन तिच्या शेजारी टेकले. "वेळ लागेल हां. कंटाळशील."

"लागू द्या की," आत्या म्हणाली.