टँकर दुपारी एकलाच का?

सुमनअक्कांना बाजेवरून आणलं तेव्हा ताप एकशे पाच होता आणि अंगाला घामाचा टिपूस नव्हता. याला उष्माघात म्हणतात. शरीर स्वतःला गार ठेवणंच सोडून देतं. ओली चादर गुंडाळली, काखेत बर्फ ठेवला, सलाईन लावलं. शुद्धीवर येताच अक्का, टँकर येऊन गेला असेल या धास्तीने म्हणाल्या, "डॉक्टरबाई, टँकर उना का? माले जाऊ द्या, पानी सरी जाई."

धरणगाव तालुक्यातल्या त्या एकाच गावातली आठवड्यातली ही तिसरी बाई. तिघीही विहिरीजवळ कोसळलेल्या. पावसाने दगा दिला होता, विहिरी मार्चमध्येच आटल्या आणि वर उष्णतेची लाट. टँकर विहिरीत रिकामा करतात, मग बाया पाणी शेंदतात. उशिरा जाईल तिच्या वाट्याला गाळ. आणि टँकर यायचा भर दुपारी एकला! आमच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मात्र पोस्टर: बारा ते चार घराबाहेर पडू नका.

माझं डोकंच फिरलं. तालुक्याला पाणीटंचाई बघणाऱ्या साहेबांना फोन लावला.

"सर, टँकर सकाळी सातला पाठवा."

"मॅडम, उष्णतेचा विषय दुसऱ्या टेबलला आहे. माझ्याकडे फक्त टंचाई."

"बाई एकच आहे सर. तिला ऊन आणि तहान एकदमच लागतात."

"लेखी द्या."

लेखी दिलं. उत्तर नाही. मग ड्रायव्हरलाच गाठलं.

"मी ते सकायलेच टँकर भरी ठेवस, ताई," तो म्हणाला. "पन लॉगबुकवर भाऊसाहेबनी सही लागस. त्या जळगावथून साडेबाराले येतस."

भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. लॉगबुकमध्ये त्यांची सही नसली तर खेप धरत नाहीत. म्हणजे भरलेला टँकर सकाळपासून लिंबाखाली सावलीत उभा, आणि बाया उन्हात! एका सहीसाठी!

दुसऱ्या दिवशी सातला मीच विहिरीवर गेले. टँकर रिकामा करवला, लॉगबुकात सही ठोकली, खाली आरोग्य केंद्राचा शिक्का मारला. दहाच्या आत साहेबांचा फोन.

"मॅडम, हा तुमचा अधिकार नाही."

"मग नोटीस काढा. त्यात तिन्ही बायांची नावं घाला, आणि टँकर किती वाजता भरला होता तेही."

नोटीस आली नाही. चार दिवसांनी आदेश मात्र आला: गावातल्या आशा सेविकेची सही चालेल. टँकर सातला यायला लागला आणि त्या गावातून उष्माघाताचा चौथा पेशंट आला नाही.

नवीन डॉक्टरांना मी आता एवढंच सांगते की ताप मोजून झाला की पेशंटच्या गावात टँकर किती वाजता येतो तेही विचारा. पुस्तकात ते लिहिलेलं नसतं.

अक्का वाचल्या, पण त्या उष्माघातात किडन्या गेल्या. आता डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा जळगावला जातात. घरात पाणी आहे, पण तिथल्या डॉक्टरांनी त्यांना ते मोजून प्यायला सांगितलंय.