बांगडीचं माप

त्या वर्षी महाशिवरात्रीला आम्ही दोघं वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या जत्रेला निघालो तेव्हा देवाकडे काय मागायचं ते ठरलेलं होतं, पण ते ओठांवर यायला धजत नव्हतं. माझ्या बायकोला टीबी झाला होता आणि ते तिलाच ठाऊक नव्हतं. पावसाळ्यात तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं, तेव्हा ती बाहेर बाकावर बसली होती. घरी आईने दार लोटून घेतलं. माझ्या धाकट्या बहिणीचं, वंदाचं लग्न जमत आलं होतं, हा शब्द बाहेर गेला तर पोरीला कोण करून घेईल, असं ती म्हणाली. मला ते पटलं. खरं सांगायचं तर सोयीचंही वाटलं. अशक्तपणा आहे, या ताकदीच्या गोळ्या, असं बायकोला सांगून मी दवाखान्याचं कार्ड पेटीच्या तळाशी घातलं.

दोन महिन्यांत तिचा खोकला थांबला, ती धानाच्या कापणीलाही गेली. आणि माघात खोकला परत आला. गोळ्या तर मी दर महिन्याला आणून देत होतो. औषध लागू पडत नाही म्हणजे आता उरलं काय? कुणाला विचारावं, तर विचारायला तो शब्द उच्चारावा लागणार.

मार्कंडेयाने इथेच पिंडीला मिठी मारली आणि यम परत गेला, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. गाभाऱ्यात मी पिंडीवर डोकं टेकलं, पण शेजारी ती हात जोडून उभी होती. तिच्या कानावर जाईल म्हणून देवासमोरही मी गप्प राहिलो. असा भित्रा भक्त त्याने क्वचितच पाहिला असेल.

बाहेर जत्रेत ती बांगड्या भरायला बसली. दुकान एका म्हाताऱ्या मुसलमान बाईचं होतं. तिने नेहमीच्या मापाची बांगडी चढवली, तर ती सरळ कोपरापर्यंत गेली. म्हातारीने हात सोडला नाही. मनगट चाचपलं, खोकला ऐकला, रोज संध्याकाळी ताप येतो का विचारलं. बायकोने हो म्हणून दवाखान्याच्या गोळ्या खाल्ल्याचंही सांगितलं. मग शांतपणे म्हणाली, "बेटी, मलेबी टीबी होता. माह्या बांगड्याबी अशाच गळल्या. पुऱ्या गोळ्या खाल्ल्या, मंग बरी झाली. तू दवा सोडली का?"

मला धरणी दुभंगावी असं वाटलं. बायको मात्र साधेपणाने म्हणाली, "त्या तं ताकतीच्या गोळ्या होत्या. मले ताकत आली, म्हून बाकीच्या वंदासाठी ठेवल्या. लय बारीक आहे ते पोरगी, लग्नात उभी कशी राहीन?"

ज्या पोरीसाठी आम्ही हिच्याशी खोटं बोललो, तिच्यासाठीच हिने आपलं औषध तांदळाच्या मडक्यात साठवलं होतं. वैनगंगेच्या काठावर बसून मी तिला सगळं सांगितलं. "तुमी मले काऊन नाई सांगतलं?" एवढंच तिने विचारलं. घरी येताच मी पेटीच्या तळाचं कार्ड काढून तिच्या हातात दिलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं डॉक्टरांसमोर बसलो. औषध पहिल्यापासून सुरू झालं, दोन महिने सुयाही टोचल्या. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. वंदा सुखरूप निघाली, तिने एकही गोळी खाल्ली नव्हती. ते स्थळ मात्र मोडलं. आई रडली, वंदा नाही. पुढे तिचं दुसरीकडे जमलं, तेव्हा पाहुण्यांना आम्ही आधीच सगळं सांगून टाकलं.

देवाने त्या म्हातारीला पाठवलं की नाही, यावर मी वाद घालत नाही. मला जे बोलता आलं नाही ते त्याच्या दारात कुणीतरी बोललं, एवढं खरं. शरण जायचं म्हणजे आधी लपवणं सोडायचं, हे मला तिथे कळलं.

पुढच्या महाशिवरात्रीला आम्ही त्याच दुकानात गेलो. म्हातारीने तेच माप काढलं, तेल लावलं, हात दाबला, तरी बांगडी चढेना. बायको कळवळली आणि हसू लागली. मी तिथेच, बांगड्यांच्या ढिगासमोर, हात जोडले.