आंजीची इंग्रजी बिदाई

प्रेमदास ताकसांडे म्हटलं तर आंजीत कोणी ओळखणार नाही. 'पोंगेवाले प्रेमदास' म्हणा, शेंबडं पोरगंही घरापर्यंत आणून सोडेल. पंचक्रोशीत कोणाचंही लग्न असो, लाऊडस्पीकर त्यांचाच. पुढं डीजे आले अन् प्रेमदासांचे पोंगे माळ्यावर गेले.

पण त्यांचं एक गाणं गाव विसरलं नाही. तरुणपणी त्यांनी नागपुरात जुनं रेकॉर्डचं मशीन घेतलं, तेव्हा दुकानदारानं वर एक लहान तबकडी फुकट दिली. साठच्या दशकातले दोन गोरे पोट्टे, जोडीनं गाणारे. आता इंग्रजी गाणं कसं असतं हे आंजीत कोणाच्या बापाला ठाऊक? प्रेमदासांनी आधी वेगाचा खटका जलदवर लावला, तर मागं कुत्रं लागल्यासारखे दोघं गात सुटले. हळूवर लावला तर आवाज भारी, गहिवरलेले. "साहेब लोक असे धावत गात नसते," म्हणून त्यांनी हळूवरच शिक्कामोर्तब केलं.

ऐकता ऐकता त्यांना वाटलं, कोणीतरी घर सोडून चाललं आहे. झालं! तेव्हापासून पोरगी सासरी निघाली की हेच गाणं. शब्द कळत नाहीत म्हणून कोणाचं अडलं नाही. पहिल्याच सुराला बायांचे पदर डोळ्यांना लागायचे. 'इंग्रजी' वाजल्याशिवाय बिदाई झाली असं कोणाला वाटतच नसे.

यंदा नात काजलचं लग्न ठरलं. प्रेमदासांची इच्छा एकच, तिची बिदाई त्याच गाण्यावर व्हावी. तबकडी मात्र केव्हाच घासून गेली होती. त्यांच्या मुलानं, रुपेशनं, मोबाईलवर शोधलं, तर त्या जोडीचे जुने अल्बम कंपनीनं नव्यानं काढलेले! मोठी, चकचकीत तबकडी घरी आली. प्रेमदासांनी मशीन माळ्यावरून उतरवलं, पुसलं, खटका नेहमीसारखा हळूवर लावला, हलक्या हातानं सुई ठेवली.

अन् काय! गाणं टुणटुण उड्या मारायला लागलं.

"वाट लावली रे कंपनीनं!" प्रेमदास ओरडले.

काजलनं जुनी तबकडी हातात घेऊन वाचली. "आबाजी, कंपनीचं बरोबर हाय. मोठी तबकडी हळूवर लावाची असते, लहान जलदवर. हे गाणं मुळात जलदच हाय. तुम्ही खटका चुकीचा लावत होते."

"अन् ते गाण्यात काय म्हणून राह्यले?"

"जत्रेले चाललो, मजा करू म्हणते."

त्यांच्या बायकोला, तानाबाईंना, हसू आवरेना. "अवं माय! अख्ख्या गावाले जत्रेच्या गाण्यावर रडवलं तुम्ही!"

प्रेमदास हसले नाहीत. एवढ्या पोरी आपण खोट्या गाण्यावर सासरी धाडल्या, हे त्यांच्या जिवाला लागलं. रुपेश म्हणाला, मोबाईलवर हळू करून देतो. काजल म्हणाली, मले तेच पाह्यजे. पण म्हातारा अडून बसला, "आता समजल्यावर कसं वाजवू? नाई वाजवत."

लग्न लागलं. भंतेजींचा आशीर्वाद झाला, जेवणं उरकली, गाडी दाराशी आली. अन् सगळं चिडीचूप. बाया पदर हातात धरून उभ्या, सगळ्यांच्या नजरा प्रेमदासांकडं. ते सवयीनं भिंतीकडेला जाऊन उभे होते. समोर मशीन नव्हतं. आता या हातांचं करायचं काय, हेच त्यांना कळेना.

त्यांची थोरली लेक रीता लग्नासाठी आली होती, ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, जा ना तिच्यापाशी. माह्या बिदाईले मी मागं वळून वळून पाहत होती. तुम्ही सुई सांभाळून राह्यले होते."

प्रेमदासांच्या आता ध्यानात आलं, उभ्या हयातीत त्यांनी बिदाई कधी पाहिलीच नव्हती. पाहिली ती फिरणारी तबकडी.

ते गर्दी सारत गाडीपाशी गेले. काजलला पोटाशी धरलं अन् लहान लेकरासारखे हमसून हमसून रडले. गाडी गेली, धूळ खाली बसली, बाया घरात वळल्या, तरी म्हातारा थांबेना.

रीतानं त्यांचा खांदा धरला. "बाबा, पुरे ना आता. गेली ते."

"हे तिचं नाई वो माय," प्रेमदास म्हणाले. "हे तुह्यं राह्यलं होतं."